मिटल्या डोळ्यांचा नमस्कार

तीर्थपुरी मुक्कामी ती. पुंजाराममामांना भाचा धर्मराजचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही हात जोडून, डोळे मिटून केला आहे. गाडी उभी आहे आणि चावी खिशात आहे.) मामींचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायची पद्धत आहे, पण खोटे कशाला लिहू? मामा, मला फार भीती वाटते आहे. (फोनवर बोललो असतो, पण माझी बायको तारा शेजारीच असते.)

तुम्हाला माहीतच आहे, मी जालन्याच्या एमआयडीसीतून बियाण्याची पोती ट्रकने शहरातल्या दुकानांवर पोचवतो. सकाळी टायर, ब्रेक, दिवे बघायचे, पोती मोजून घ्यायची आणि गर्दीतून हळूहळू जायचे, एवढेच काम. गेल्या महिन्यात कंपनीने काचेवर कॅमेरा बसवला. त्याचे तोंड रस्त्याकडे नाही, माझ्याकडे आहे. डोळे मिटले किंवा स्टेअरिंगवरचे हात सुटले की त्यातली बाई हिंदीत ओरडते आणि ऑफिसात मेसेज जातो.

आता मला गाडी शिकवताना तुमचा पहिला धडा कोणता? देऊळ दिसले की हात जोडायचे, डोळे मिटायचे. माझ्या रस्त्यावर तीन मारुती, दोन देवी, एक म्हसोबा आणि एक दर्गा (तिथेही करतो, भेदभाव नको) अशी सात ठिकाणे. पहिल्याच दिवशी सात वेळा बोंब झाली. आमचे गाड्यांचे साहेब अण्णासाहेब म्हणाले, "काय रे, सकाळी नऊ वाजता झोपून राह्यला का?"

"झोपलो न्हाई साहेब, पाया पडून राह्यलो."

"मंग ते मशीनला सांग. अजून एकदा वाजलं की गाडी दुसऱ्याला. बिलकुल ऐकणार न्हाई."

तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे. नुसती मान झुकवावी तर मशीनला ती डुलकी वाटेल. मनातल्या मनात नमस्कार करावा, तर म्हसोबाला तो पोचतो की नाही, कोणाला विचारू? त्यात मागे मिरचीचे बियाणे, आणि शिंकताना डोळे मिटतातच. भूत पाहिल्यासारखे डोळे फाडून गाडी चालवतो. चौकातल्या पोलिसाने परवा थांबवून तब्येत विचारली. मामा, काय करू ते कळवा. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
धर्मराज

ता. क. ऑफिसात सांगितले नाही ते तुम्हाला सांगतो. त्या पहिल्या दिवशी सातव्या ठिकाणी मी डोळे मिटले, मशीनमधली बाई ओरडली आणि दचकून माझा पाय ब्रेकवर पडला. डोळे उघडले तर बंपरपासून वीतभर अंतरावर शाळेच्या कपड्यांतली एक मुलगी सायकल धरून उभी होती. तिने माझ्याकडे रागाने पाहिले आणि निघून गेली. मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

आणखी एक. रविवारी तुम्ही स्वतः जीप चालवत आमच्या आईला इकडे आणणार असे कळले. तुम्ही रागावलात तरी चालेल, मामा, पण तिला एसटीने पाठवा.