टोपलीतल्या चादरी

तीर्थरूप आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय.

मी इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी तपासते. फाटकी दिसली की 'अनफिट' शिक्का मारून टोपलीत टाकायची. आपल्या 'अ'सारखं इंग्रजीत 'अन' नाहीतर 'इन' पुढे चिकटलं, की सगळ्यावर पाणी फिरतं बघ! मी मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याच चादरी शिवून पुन्हा तपासणीला ठेवते. निम्म्या पास होतात.

मुकादमाच्या जागेला अर्ज केला होता. त्या जागेबरोबर खोली मिळते, माझ्या छकुलीला तुझ्याकडून इकडे आणता आलं असतं. काल अर्ज परत आला, वर शिक्का 'इनएलिजिबल'. म्हणजे अपात्र. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमची इंग्रजीची परीक्षा झालेली नाही."

रडले नाही. थोडीशीच रडले. मग परीक्षेला नाव नोंदवलं. असले नन्नाचे शब्द कागदावर लिहून मोरीपाशी चिकटवलेत. भांडी घासताना रोज पाच पाठ करते. अर्ज पुन्हा पुढे करणार.

तुझे गुडघे काय म्हणतात?

छकुली अजून विचारते का, आई कधी नेणार म्हणून? विचारलं तर 'नेत नाही' म्हणू नकोस. 'अजून नेलं नाही' म्हण.

तुझी हट्टी लेक