विशाखाची चार पत्रं

लातूर
दि. ४ नोव्हेंबर १९८२

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. दाजींनाही सांग. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

जिल्हा झाल्यापासून लातुरात रोज कुठं ना कुठं नवी पाटी लागतेय. ह्यांना नव्या कचेरीत शिपायाची जागा मिळाली खरी, पण तिथं अजून खुर्च्याच पुऱ्या नाहीत, अर्धे कारकून उभ्यानंच लिहितात. धम्मपाल तीन वर्षांचा झाला तरी कडेवरून उतरत नाही. त्यातही विशाखाच लागते त्याला.

तुझ्याकडून आणल्यापासून विशाखा इथं रुळली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं अक्का.

गेल्या महिन्यात तिला पाळी आली, शहाणी झाली. मला नाही सांगितलं. शेजारच्या दानम्माला सांगितलं. मी घरातच भाकरी करत होते.

आता खरं ते लिहिते. तुला तिचं एकही पत्र आलं नसेल. तिनं चार लिहिली. टाक म्हणून माझ्याकडं दिली आणि मी ती डाळीच्या डब्यामागं लपवली. पहिलं तेवढं उघडलं. ‘प्रिय आई’ एवढं वाचलं आणि मिटलं. बाकीची उघडायची हिंमत झाली नाही.

परवा ती डाळ घ्यायला गेली अन् तिला पत्रं सापडली. शाळेला म्हणून गेली. दुपारी दानम्माचा सिद्धलिंग पळत आला, “काकू, इशाखा स्टँडवर हाय, नांदेडच्या गाडीत बसलीय.”

धम्मपालला कडेवर घेऊन मी तशीच धावले. तुझ्याकडं यायला निघालेली ती खिडकीशी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

“उतर खाली.”

“माझी पत्रं का टाकली न्हाईत?”

सगळी गाडी बघत होती. माझा हात उठला होता अक्का, पण त्याच हाताला धम्मपालनं धरलं.

“मला भ्या वाटलं,” मी म्हणाले.

“कशाचं?”

“तू तिलाच आई म्हणतीस, त्याचं.”

“मंग मला तिकडं ठेवलं कशाला?”

कंडक्टर म्हणाला, “बाई, बोलायचं तर खाली बोला.” तशी ती उतरली. मग बाकड्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो, ती अडीच वर्षांची होती, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तिला पचायची नाही, हातपाय काडीसारखे झाले होते. जगावी म्हणून तुझ्याकडं आणून दिली.

“पाऊस पडल्यावर का न्हाई नेलं?”

हे तुलाही मी कधी सांगितलं नाही. अक्काला पोर नाही, राहू दे तिच्याजवळ, असं मी सगळ्यांना सांगत आले. पण मी न्यायला आले होते तेव्हा ती तुझ्या पदराआड लपली. माझ्याकडं बघून रडली. मला ते सोसलं नाही. पुन्हा तसं बघावं लागू नये म्हणून दहा वर्षं मी फक्त पाहुणी म्हणून येत राहिले. तेच तिला सांगितलं.

तिनं धम्मपालला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, “ह्याला भूक लागलीय.” आम्ही घरी आलो. तिनं मला अजून आई म्हटलेलं नाही. पण काल डोकं विंचरायला माझ्यापुढं येऊन बसली. केस कमरेखाली आलेत, कधी वाढले मला ठाऊकच नाही.

तिची चारही पत्रं सोबत पाठवते. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः तिला हिमायतनगरला आणून सोडते. सुट्टी संपल्यावर कुठं राहायचं ते तिनं ठरवावं. मी तिला तसा शब्द दिलाय. हे रागावलेत, पण मी मागं सरणार नाही.

माझ्यावर राग धर, पण तिच्यापुढं दाखवू नको. तिला तुझ्याजवळच राहावं वाटलं, तर ते मला पत्रानं कळवू नको अक्का. तू येऊन, माझ्याजवळ बसून सांग.

तुझी,
केवळा