पावती देवाजवळ राहिली

॥ श्री ॥
लेस्टर, ६ मार्च १९९५

चि. अलकास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. ज्योतीचे दिवस भरत आलेत, पाय सुजलेत, बाकी ठीक. आता कामाचे. हे पत्र यांच्या हाती पडू देऊ नकोस.

आपल्या कोठी भागातल्या बँकेतून आणलेले ट्रॅव्हलर्स चेक तुला दाखवले होते. एक सही तिथे करायची, दुसरी इथे बँकेत खिडकीसमोर. दोन्ही जुळल्या की पौंड हातात. नवी वही, नवे पासबुक आपण हळदकुंकू लावल्याशिवाय उघडत नाही, तसे निघताना मी प्रत्येक चेकला बोट लावले. ते नेमके पहिल्या सहीवर पसरले. खिडकीतल्या बाईने चेक उजेडात धरला, सही खोडायला कुणी रंग फासलाय म्हणाली आणि सगळे परत केले. मी देवाचे नाव सांगितले, तिने साहेबाला बोलावले. साहेब गोड बोलला, पण नक्को ते नक्कोच. खरेदीची पावती दाखवली तर चेकवाली कंपनी बदलून देईल म्हणे.

पावती चेकांपासून वेगळी ठेवा, असे कोठीच्या बँकेत बजावले होते. मी इतकी वेगळी ठेवली की ती जामबागेत घरी, बाळकृष्णाच्या पाटाखाली आहे! तेवढी काढून पाठव.

लेकीला मूल होईतो तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, हा आईचा नेम मीही धरलाय. म्हणून तर स्वतःचे पैसे आणले. सध्या सातूचे पीठ आहे, आणि रोख वीस पौंडांत दूध-बटाटे. दिलीपराव पैसे देतो म्हणाले, पण जावयाचे कसे घेऊ? फोनही त्यांच्याच बिलावर, म्हणून हे पत्र. ज्योती रोज माझे ताट वाढते, झाकून ठेवते.

परेशान होऊ नकोस, मी खंबीर आहे. माया असू दे.

तुझी ताई


अंबरपेठ, १६ मार्च १९९५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पावती सोबत आहे. कुरियरचे पैसे तू परत आल्यावर वसूल करीन.

तुझ्या घरी गेले आणि ताईने देवाला फूल वाहायला सांगितलंय अशी थाप मारली. भावजींनी विचारले, की त्यांच्या हातचे फूल देवाला चालत नाही का. पाट उचलताना बाळकृष्ण कलंडला, पावती खाली पडली, ती भावजींनीच उचलून दिली. हौ, ही पावती मागे राहणार हे तू निघालीस तेव्हाच ठाऊक होते, असे म्हणून पुन्हा पेपरात शिरले.

एक लिहू? रागावू नकोस. माझ्या लग्नानंतर आई इथे आली, तेव्हा मी तिच्यासाठी शिरा केला होता. नेमामुळे तिने हात लावला नाही. मी तो कामाच्या गंगूला दिला आणि मोरीत जाऊन रडले. आईला कधी कळले नाही.

ज्योतीला जप. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

तुझी अलका


लेस्टर, २८ मार्च १९९५

चि. अलकास अनेक आशीर्वाद.

पावती मिळाली. बाळ अजून यायचे आहे. कंपनीने चेक बदलून दिले. त्याच बाईसमोर ऐटीत सही केली. तिने पौंड मोजून दिले, मी तिथेच पुन्हा मोजले. या खेपेला हळदकुंकू घरीच ठेवले होते.

येताना भाजी घ्यायला दुकानात शिरले. हातात पैसे होते, पण तुझ्या पत्रातला तो शिरा डोळ्यांपुढून हलेना. तशीच घरी आले, हातपाय धुतले आणि ज्योतीने झाकलेले ताट पुढे ओढले.

चेक अडले होते तेव्हा जेवले असते, तर ती लाचारी झाली असती. आज माझी पर्स भरलेली होती, मर्जीने जेवले. वरण दोनदा मागून घेतले. देवाला सांगितलेय, आईला वर गेल्यावर सांगेन.

वरणात मीठ फार होते, तसे बोललेही. मग ज्योती माझ्या हातचे पिठले केव्हा केव्हा खारट झाले होते ते एकेक काढत बसली. दिलीपराव घाबरून बाहेर आले, म्हणाले, आता भांडण कशावरून? ती रडत होती आणि मला तिसऱ्यांदा वाढत होती.

यांना हे सगळे वाचून दाखवलेस तरी चालेल. माया करतेसच, करत राहा.

तुझी ताई