किटलीनं मान वळवली

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (कागदावर घातलेला बरा, गुडघे दुखत नाहीत). तुझ्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? आणि तुझ्याच डोक्यावरचा चष्मा मामी अजून घरभर शोधते का?

तर, आईनं मला शेवटची मुदत दिली होती. एक तरी धड वस्तू करून दाखव, नाहीतर चिखल सोड आणि ऑफिसात नोकरी धर. मी म्हटलं, किटलीच करते, तीही केओलिनची! (केओलिन म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांना गोरेपण देणारी माती. दिसायला साय, स्वभावानं आमची आत्या. वाकायचं नाव नाही, जरा ओढली की चिरते. म्हणून तिच्यात एखादी चिकट, गरीब माती मिसळावी लागते. आत्याच्या यजमानांसारखी.)

किटली झकास जमली. फक्त तोटी जरा तिरकी बसली, ती मी बोटानं हळूच सरळ केली. तेवढ्यात आमचा भट्टीवाला टपकला (उंच, कायम गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा पांढरा, आणि शहाणपणात तुझ्याही वरताण). म्हणाला, "ही माती मनात ठेवते हं. आत्ता गप्प बसेल, भट्टीत गेली की पुन्हा वळेल." मी म्हटलं, तू तुझी भट्टी सांभाळ.

भट्टी उघडली. किटली आक्रसून अंगानं लहान झालेली, पण काय तेज! आत बोट धरलं तर बाहेरून सावली दिसावी. आणि तोटी? रुसल्यासारखी मान वळवून बसलेली.

त्यातच आई येऊन धडकली. मी देवाचं नाव घेऊन तिच्या कपावर नेम धरला, आणि चहा गेला थेट शेजारी बसलेल्या भट्टीवाल्याच्या कपात. पुन्हा ओतला, पुन्हा त्याच्याच. तो मेला शांतपणे पीत होता! आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग किटली उजेडात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "धड नाही, पण ऑफिसात असलं काही होणार नाही. कर तुला हवं ते."

मामीला नमस्कार.

तुझी,
चिखलातली भाची

ता. क. भट्टीवाल्याबद्दल वर लिहिलंय ते खोड. स्वभावानं फार चांगला आहे.

ता. क. दोन : आम्ही लग्न करतोय. आईला तू सांग ना, तुझं ती ऐकते. मी तिच्यासमोर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिला काडीचा संशय नाही.

ता. क. तीन : आई आत्ता मागून म्हणाली, "मामाला लिहितेयस ना? मग विचार, त्या भट्टीवाल्याच्या घरची चौकशी झाली का? महिना झाला सांगून."

मामा!!