मालकीणबाईंची सही

ता. ४, मंगळवार, दुपार

लाडक्या ठमीला आजीचा गोड पापा.

मी मजेत. तूही असशील, वसतिगृहातलं जेवण खाऊनसुद्धा. अक्षराला हसू नकोस. चष्मा तिसरा झाला, ओळ काही सरळ जात नाही.

आधी आनंदाची बातमी. तुझा बाप पाणी समितीचा सभापती झाला. नळ-पाइपच्या दुकानात गिऱ्हाइकांना वायसर फुकट देता देता नगरसेवक झाला, आणि आता हे. पेपरातल्या फोटोत एवढी माणसं दाटलीत की त्याचं नाक तेवढं दिसतं. आपल्या घराण्याचं नाक, म्हणून लगेच ओळखलं.

आणि मी मालकीण आहे बरं का. नगरसेवकाला स्वतःच्या दुकानातला माल पालिकेला विकता येत नाही, असा कायदा आहे म्हणे. म्हणून निवडून आल्याबरोबर त्याने दुकान माझ्या नावावर केलं. मी अंगठा लावायला लाजायचे म्हणून तू सातवीत असताना ओट्याशी बसवून लिहाय-वाचायला आणि सही करायला शिकवलीस ना, ती सही अशी कामी आली. दुकानातला कारकून कागद आणतो, बोट ठेवतो, मी सही ठोकते. मालकीणबाई, अक्षर काय झकास, म्हणतो मेला. मी फुगते. वाचायला चष्मा शोधेपर्यंत हा कागद घेऊन पसार.

हल्ली मी वरच्या खोलीत असते. गुडघ्यांसाठी. जिना चढून गुडघे कसे बरे होतात, ते डॉक्टरलाच ठाऊक. खिडकीतून पेरूचं झाड दिसतं, छान आहे. फोन दुरुस्तीला गेलाय, तीन आठवडे झाले. खाली कोणी आलं की तुझी आई बाहेरून कडी घालते. वाऱ्याने दार आपटतं म्हणते.

परवा वारा नव्हता. चौकशीचे साहेब आले होते. शाळेमागचा नवा पाइप फुटला, गटाराचं पाणी नळात गेलं, चौदा पोरं दवाखान्यात. एकाने अजून डोळे उघडलेले नाहीत. पाइप आपल्या दुकानाचे. मी दाराला कान लावून होते. तुझा बाप अगदी शांतपणे म्हणाला, "दुकान आईचं आहे, साहेब. सगळ्या कागदांवर तिचीच सही आहे. पण आता तिला काही आठवत नाही."

मला त्याचा पहिला दात कोणत्या वारी पडला तेही आठवतं. बुधवारी.

जेवणाचं ताट घेऊन तो स्वतः वर आला तेव्हा विचारलं. गळ्यात पडला, लहानपणी पडायचा तसा. म्हणाला, "थोडे दिवस कळ काढ, आई. आता ठमी अठराची होईल, मग दुकान तिच्या नावावर करू."

तर सोळा तारखेला, तुझ्या वाढदिवसाला, तो तुझ्याकडे येईल. केक आणेल, कागदही आणेल. केक खा. सही करू नकोस. गळ्यात पडला तरी नाही.

हे पत्र इस्त्रीवालीच्या गठ्ठ्यातून निघालंय. सोबत साहेबांनाही चिठ्ठी आहे, चारच ओळी. तुझ्या बापाचं काय होईल ते मला कळतं, ठमे. मी आई आहे त्याची. दोनदा फाडली, तिसऱ्यांदा लिहिली. सही करण्याआधी सगळं वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा.

सही झकास आलीय.

सगळं आठवणारी,
तुझी आजी