चष्मेवाल्याने बसवलेले डोळे

भिवंडी,
सोमवार, दुपार (गिऱ्हाईक नाही)

ती. पंढरीनाथमामांस रवींद्रचा सविनय जयभीम.

मामींचा गुडघा, दारचा शेवगा आणि तुमचा खोकला, तिघेही बरे असतील अशी आशा करतो. (डोळ्यांची चौकशी आपल्या पैजेत बसत नाही, म्हणून करत नाही.) आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, पण माझ्यावर सध्या जो अन्याय चालू आहे तो कुठेतरी नोंदला गेला पाहिजे. माझ्या स्वतःच्या दुकानात, माझ्या स्वतःच्या काउंटरवर, मला चहाचा ग्लास टेकवायला जागा उरलेली नाही. ग्लासाच्या जागी तुमचं मुंगूस बसलं आहे. त्याच्या पलीकडे बेडूक, बकरी, वासरू आणि घुबड. सगळे आले तेव्हा आंधळे. चष्म्याच्या दुकानात शिरलेल्या माणसाचं स्वागत पाच आंधळ्यांनी करावं, ही जाहिरात कोणाला परवडेल? मी एका हातात चहा धरून दुसऱ्या हाताने लोकांच्या नाकावर फ्रेम चढवतो. परवा एका सद्गृहस्थाच्या कानात चहा गेला. तो म्हणाला, ऐकायला मला बरं येतं, तुम्ही दिसायचं बघा.

पैजेची उजळणी करतो, कारण मामी साक्षीदार आहेत आणि तुम्ही शब्द फिरवण्यात पटाईत आहात. भंगारात निघालेल्या मागांचे लाकडी धोटे आणून त्यांतून जनावरं कोरायची, ही तुमची जुनी खोड. हल्ली मोतीबिंदू वाढला आणि बेडकाच्या डोळ्यात जायची पटाशी तुमच्या अंगठ्यात गेली. (मामींनीच फोनवर सांगितलं, त्यांच्यावर डाफरू नका. हत्यारं लपवून ठेवणार आहेत म्हणाल्या, ते मात्र तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या.) तरी डॉक्टरचं नाव काढलं की तुमचं ठरलेलं: "पटाशी मी लाकडाला लावतो. माझ्या डोळ्याला कोणाला लावू देणार न्हाय." आणि वर मलाच आव्हान, की डोळ्यांचा धंदा करतोस तर यांना तूच डोळे बसव. जिवंत दिसले तर तुम्ही मुकाट्याने ऑपरेशनला येणार. नाही दिसले तर मी तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही, शिवाय भिवंडीची नानकटाई पाठवायची. मी फुशारकीत हो म्हणालो. चपला विकणाऱ्याला पाय बनवता येत नाहीत, हे मला परतीच्या जीपमध्ये सुचलं.

पहिल्यांदा मोहरी लावली. वासरू छान दिसलं, म्हणजे आता कोणीतरी त्याला फोडणी देणार आहे असं दिसलं. रात्रीत उंदराने दोन्ही डोळे खाल्ले. मग काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचल्या, तर मुंगूस असं बघायला लागलं जणू त्याच्याच घरात साप भाडेकरू आहे. शेवटी शेजारचे सत्तारभाई मदतीला आले. त्यांचं लेस आणि खड्यांचं दुकान आहे. घागऱ्यावर चिकटवतात ते एका अंगाने सपाट, बिनरंगी काचेचे खडे त्यांनी दिले आणि म्हणाले, पाठीमागून रंगवा. मी पाठीमागून आधी तपकिरी बुबुळ रंगवलं, ते वाळल्यावर त्यावर काळी बाहुली काढली. उलटून बघतो तर बाहुली गायब. नुसता तपकिरी ठिपका. पुन्हा काढली, पुन्हा गायब. मला वाटलं रंग नकली आहे, म्हणून रंगवाल्याशी भांडून आलो. काचेच्या पाठीवर आधी बाहुली काढायची आणि मग बुबुळ, हे डोक्यात शिरेपर्यंत त्या दुकानात पुन्हा जायची सोय राहिली नव्हती.

बकरीपाशी तर सगळंच गोंधळलं. बकरीची बाहुली उभी असते असं सत्तारभाई म्हणाले. त्यांच्या बेगम नसीबाभाभी म्हणाल्या आडवी, आणि तुम्ही लग्नापासून माझ्याकडे नीट बघितलं नाहीत, बकरीकडे काय बघणार. त्यावरून दोघांचं जे जुंपलं त्यात बकरी मागेच राहिली. म्हणून गल्लीतली एक बकरी पाल्याच्या लालचेने दुकानात आणली आणि तिच्या डोळ्यात बॅटरी मारली. तिने पाला संपवला, बॅटरीकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याच्या खालच्या ओळी खाल्ल्या. बाहुली आडवी का उभी, हे मला अजून माहीत नाही. (एक डोळा आडवा, एक उभा बसवला आहे. निवाडा तुम्ही करा.) तक्त्यावर आता फक्त मोठाली अक्षरं उरली आहेत, त्यामुळे तेव्हापासून भिवंडीत कोणाचीही नजर अधू निघालेली नाही. धंदा बसला आहे.

राहिलं वासरू. ते मात्र मन लावून केलं. आधी बाहुली, मग बुबुळ, सगळं शहाण्यासारखं. घाई झाली म्हणून ताबडतोब चिकटणारा गोंद वापरला. सकाळी बघतो तर गोंदाची वाफ काचेच्या आत धरलेली, दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा. मी फेकायलाच निघालो होतो. तेवढ्यात सत्तारभाई आत आले, वासराला हातात घेतलं आणि दाराच्या उजेडाकडे धरलं. नसीबाभाभीही आल्या. वासरू मान किंचित वर करून, आवाजाच्या रोखाने, आम्हा तिघांच्या जरा बाजूला बघत होतं.

"ये तो अपने पंढरीमामू हैं," सत्तारभाई म्हणाले.

भाभींनी पदराने त्याचे डोळे पुसून बघितले. गेलं नाही. आतून होतं.

आता मामा, डोळे बिघडले म्हणून मी हरलो, की जिवंत दिसले म्हणून जिंकलो, हे मला काही केल्या कळत नाही. भांडायला नको म्हणून हरलो असं लिहून देतो.

तुमचा भाचा,
रवींद्र

ता. क. : घुबड परत पाठवत नाही. त्याला डोळे तुम्हीच बसवायचे आहेत, इथे बसून. खडे, रंग आणि बारीक कुंचला काढून ठेवला आहे. क्रम मी सांगेन.

ता. क. २ : सत्तारभाईंचा टेम्पो गुरुवारी सकाळी नाशिकहून येताना पडघ्याला तुमच्या दारात थांबेल. दोन जोड कपडे घ्या, मामींना बरोबर घ्या, डोकं धुऊन या. कशासाठी ते विचारू नका. तो शब्द उच्चारायला मला बंदी आहे. डॉक्टरीणबाईंना मात्र नाही, त्या उच्चारतील.

ता. क. ३ : पैजेची नानकटाई जीपवाल्याकडे दिली आहे, आपली नेहमीचीच, वेलदोड्याची. डब्याच्या तळाशी कागदात वासरू आहे. आधी खाऊन घ्या. मग खिडकीपाशी नेऊन, अगदी जवळ धरून, त्याच्याकडे बघा.