शेवटच्या फळीवरचे उंदीर

गुरुवार, १२ मार्च

तीर्थरूप काका,

नमस्कार. तुम्ही खुशाल असाल असं धरून चालते. तुमचा पत्ता आस्थापना शाखेतल्या कारकूनबाईंनी शोधून दिला आणि वर बातम्याही पुरवल्या: गुडघे कुरकुर करतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता लेकीकडे असता. म्हणजे हे पत्र बहुधा तीच वाचून दाखवत असेल. ताई, तुम्हालाही नमस्कार. पुढे तुम्हाला माझा राग येईल. येऊ द्या, पण वाचताना मधलं काही गाळू नका.

काका, ओळखलंत का? तीस वर्षांपूर्वी अ‍ॅनिमल हाउसमध्ये पहिल्याच दिवशी उंदराने अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि स्टुलावर बसून रडली, ती मी. पदवी मिळायच्या चार वर्षं आधीपासून तुम्ही मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचात. मी चिडले की म्हणायचात, “आत्तापासून सवय केलेली बरी, नंतर तोंडात बसत नाही.”

तुमची बदली तिथून भांडारात का झाली, त्याबद्दल मला लिहायचं आहे. लिहायचं राहून गेलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. सव्वीस वर्षं मी टाळलं.

आधी इकडची खबर. मी आता आपल्याच विभागाची प्रमुख आहे. सर जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांच्या खोलीत मी बसते. खुर्ची बदलली, पण कपाट तेच आहे आणि अजून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. अ‍ॅनिमल हाउस नव्या इमारतीत गेलं. कार्ड दाखवलं की दार आपोआप उघडतं. तुम्ही जुन्या दारावर आधी टकटक करायचात, आणि आम्ही हसलो की म्हणायचात, “आत कोणी राहतंय, तर न सांगता घुसायचं का?” मी अजून टकटक करते. विद्यार्थी एकमेकांकडे बघतात. बघेनात का.

कधीकधी लाकडाच्या ताज्या भुशाचा वास आला की सगळं परत येतं. सकाळी नऊचा ठोका, तुमचा तो कोपरावर ठिगळ लावलेला कोट, आणि नळाच्या गरम पाण्याखाली धरलेली माझी बोटं, कारण तुमचा हुकूमच होता, “गार हात कुणालाच आवडत नाही.” सगळ्यात लठ्ठ उंदराला तुम्ही ‘साहेब’ म्हणायचात. एकदा सर नेमके मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “कोण साहेब?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “हेच की. वजन चारशे ग्रॅम.” मी तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाले होते. इतकं हसायला मला नंतर कुठल्याच प्रयोगशाळेत मिळालं नाही, काका.

आईच्या गळ्याला थायरॉईडची गाठ होती म्हणून मी हार्मोनच्या अभ्यासाकडे वळले. सरांनी हातात ठेवला तो मात्र ताणाचा हार्मोन. घाबरलं की मूत्रपिंडावर बसलेली चिमुकली ग्रंथी सोडते, तो. एक नवं औषध तो कमी करतं का, हे बघायचं होतं. वरच्या फळीवर औषध टोचलेले बारा उंदीर, खालच्या फळीवर नुसतं मिठाचं पाणी टोचलेले बारा. शेपटीच्या टोकातून दोन-चार थेंब रक्त घ्यायचं, हार्मोन मोजायचा. वरच्यांचं रक्त मोलाचं, म्हणून हात ताजे असताना ते आधी घ्यायचं आणि खालच्यांचं नंतर, असा मी नेम केला होता. चार वर्षं एकदाही मोडला नाही. आकडेही काय देखणे यायचे! औषधवाले शांत, खालचे घाबरलेले. सर खूश होते आणि मी तर हवेतच होते.

मग एक दिवस भुसा बदलता बदलता तुम्ही म्हणालात, “डॉक्टरीणबाई, हे खालचे बिचारे तासभर वरच्यांची चीं-चीं ऐकत बसतात. आपला नंबर येईस्तोवर त्यांचा जीव अर्धा होतो. एकदा उलटीकडून सुरुवात करून बघा की.”

मी हसले. पण ते डोक्यातून जाईना. दोन आठवड्यांनी एका सकाळी खालून सुरुवात केली. आकडे हातात आले ते नेमके उलटे. मिठाच्या पाण्याचे शांत होते, औषधवाले घाबरलेले. औषध काहीच करत नव्हतं. चार वर्षं मी औषधाचा गुण मोजत नव्हते, वाट बघणाऱ्यांची भीती मोजत होते.

तुम्ही मोठ्या उत्सुकतेने विचारलंत, “काय निघालं?” मी म्हणाले, “काही विशेष नाही.”

आता तिथे येते, जिथे यायला नको म्हणून एवढा वेळ साहेब-उंदराच्या गोष्टी सांगत बसले. प्रबंध द्यायला तीन महिने उरले होते, शिष्यवृत्ती संपत आली होती. मी वहीत लिहिलं, “पिंजरे धुताना बादली पडली. आवाजाने प्राणी बिथरले. आजचे आकडे रद्द.” कोण वाचतंय वही, असं मला वाटलं होतं. सरांनी वाचली. त्या खोलीत आणखी तिघांचे प्राणी होते, त्यामुळे सर भडकले. तुम्हाला बोलावलं आणि मीही तिथेच कपाटाला टेकून उभी होते. सरांनी विचारलं, “बादली पडली होती?” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. मग म्हणालात, “हो साहेब, हातातून सुटली.” आणि पुढे केलेल्या कागदावर सही केलीत.

मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. नाही उघडलं.

नंतर जिन्यात मी तुम्हाला गाठलं. तुम्हीच म्हणालात, “काल तुमच्या आईचा फोन आला होता, मीच घेतला. डिग्री कधी, विचारत होत्या. जा, लिहायला बसा.” पुढच्या सोमवारी तुम्ही भांडारात गेलात. बावीस वर्षं जनावरांत काढलेला माणूस खोकी मोजायला बसला. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही अ‍ॅनिमल हाउसच्या काचेपाशी येऊन उभे राहायचात, आणि मी मागच्या दाराने निघून जायचे. हे तुम्हाला दिसायचं का, ते मला आजवर ठाऊक नाही. काका, मला त्याची लाज वाटते. पदवीदान झालं तेव्हाही वाटत होती, आजही वाटते.

मला वाटतं, तुम्ही असं धरून चाललात की पोरीच्या हातून त्या दिवशी काही सांडलं, फुटलं असेल, सांभाळून घेऊ. तुमचंच म्हणणं बरोबर निघालं होतं आणि तेच लपवायला मी तुमचा बळी दिला, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणून आज सांगते. तुमचं खरं होतं.

माझी एक विद्यार्थिनी आहे, बोलायला फटकळ, कामाला वाघ. गेल्या वर्षी तिला मीच तो प्रयोग पुन्हा करायला दिला. का दिला, ते माझं मलाही नीट सांगता येणार नाही. ती रोज चिठ्ठ्या टाकून पिंजऱ्यांचा क्रम ठरवते. तिच्या आकड्यांत दोन्ही फळ्या सारख्याच आल्या. मग तिने माझी जुनी वही मागितली, आणि मी दिली. सोमवारी दारात येऊन उभी राहिली.

“मॅडम, तुम्ही खालून सुरुवात फक्त त्याच दिवशी केली होती, ना?”

“हो.”

“आणि बादली?”

“पडली नव्हती,” मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. ती पोरगी रडायला लागली, आणि समजूत मला घालावी लागली.

त्या जुन्या आकड्यांवर छापून आलेला माझा शोधनिबंध मागे घेत असल्याचं मी काल कळवलं. त्यावर भिस्त ठेवून दोन ठिकाणच्या लोकांनी कित्येक वर्षं घालवली आहेत, त्यांनाही एकेक पत्र लिहिलं. माझी पदवी आणि ही खुर्ची राहते की जाते, ते समिती ठरवेल. तुमच्या फाइलमधला तो बादलीचा ठपका ठेवणारा मेमो रद्द करा, असाही अर्ज मी दिला आहे. पण त्यांचं म्हणणं असं, की कबुलीवर तुमची सही आहे, तेव्हा तुमचा जबाब घ्यावाच लागेल.

पंधरा दिवसांत संस्थेची दोन माणसं तुमच्या घरी येतील. बादली पडली होती का, असं ते विचारतील. मी तुम्हाला ओळखते, काका. एवढी शिकलेली पोर, या वयात तिचं सगळं जाईल, असं तुमच्या मनात येईल आणि तुम्ही पुन्हा म्हणाल, “हो साहेब, हातातून सुटली.”

या वेळी म्हणू नका.

तुमच्या सहीआड लपून डॉक्टर झालेली,
तुमची विद्यार्थिनी